ओलं आहे, जपून

दुसरा अंक संपला आणि दिवे लागले. आमच्या उपनगरातल्या नाट्यगृहात मध्यंतराला बायकांच्या बाजूला अशी रांग लागते की तिसरी घंटा होईपर्यंत निम्म्याजणी बाहेरच असतात. म्हणून मी आधी बटाटेवडा खाऊन घेते आणि रांग ओसरली की जाते. त्या रात्रीही तशीच गेले. आत कुणी नव्हतं. सफाईच्या मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून फरशी पुसत होत्या, फिनेलचा वास नाकात चढत होता, आणि मावशी गुणगुणत होत्या. भीमपलासीतलं पद, अर्ध्या तासापूर्वी आत झालेलं. अंतऱ्यावरून मुखड्याकडे परत येताना त्या पदात एक जागा आहे; मध्यमावर किंचित रेंगाळून, गंधाराला नुसता स्पर्श करून समेवर यायचं. आमचे आजोबा म्हणायचे, तिकिटाचे पैसे त्या एका जागेत वसूल होतात. त्या रात्रीच्या गायकनटाने ती सोडून दिली होती, सरळ समेवर येऊन मोकळा झाला होता, आणि माझ्या मनात ती रुखरुख होती. मावशींनी ती जागा घेतली. पोछा पुढे सारता सारता, अगदी हलक्या आवाजात, पण गंधार जिथे हवा तिथेच. मला राहवलं नाही. म्हटलं, “अय्या, तुम्हाला कसं काय येतं हो?”

त्या थांबल्या. पोछा बादलीत पिळला. “येतं असंच,” म्हणाल्या. मग फरशीकडे बोट करून, “ओलं आहे, जपून.”

मी जागेवर येऊन बसले, तिसरा अंक सुरू झाला, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. ते “कसं काय” कानात अडकून बसलं होतं. कौतुकानेच निघालं होतं तोंडून, त्यात खोट नव्हती. पण शेजारच्या खुर्चीतल्या इरकल नेसलेल्या बाई असंच गुणगुणल्या असत्या, तर मी विचारलं असतं, “कुणाकडे शिकलात?” मावशींना मी ते विचारलं नाही. त्यांना येतं याचंच मला नवल वाटलं, आणि ते नवल त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचलं. मी यायच्या आधी त्या गात होत्या आणि मी आल्यावर गप्प झाल्या. मला लागलं ते हे.

त्याच आठवड्यात मी मिनेत नावाच्या, अठराव्या शतकातल्या एका गायिका-नटीच्या मागे लागलेली होते, म्हणूनही असेल.

मी आयुष्यभर फ्रेंच शिकवलं. निवृत्तीनंतर रात्री जुन्या फ्रेंच वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं वाचत बसायचा नाद लागलाय. सध्या वाचतेय ती सँ-दोमँगमधली, म्हणजे आजच्या हैतीतली. अठराव्या शतकात ही फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत होती. साखर, कॉफी, नीळ, आणि हे सगळं पिकवायला शतकाअखेरीस साडेचार-पाच लाख गुलाम. गोरे जेमतेम तीसेक हजार. या गोऱ्यांना पॅरिसमध्ये जे चालतं ते सगळं इथे हवं असायचं, आणि त्यात पहिल्या नंबरावर नाटक. काप-फ्राँसे शहरात दीड हजार प्रेक्षक मावतील असं नाट्यगृह होतं. पोर्त-ओ-प्रँसमधलं पहिलं १७७० च्या भूकंपात गेलं, तर १७७८ मध्ये साडेसातशे जागांचं नवं उभं राहिलं. शिवाय सँ-मार्क, लेओगान, ले काय अशा लहान गावांतही प्रयोग व्हायचे. आणि सगळ्यात जास्त मागणी कशाला, तर ‘ओपेरा-कोमिक’ला. या शब्दाचं ‘विनोदी ऑपेरा’ असं भाषांतर करायला माझा जीव होत नाही, कारण त्यातली कितीतरी नाटकं रडवणारी आहेत. गद्य संवाद चालू असतात, मधेच भावना दाटून आली की पात्र गाऊ लागतं, गाणं संपलं की परत बोलणं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, संगीत नाटक. आणखी एक गोष्ट वाचून तर मी एकटीच टाळी वाजवली होती. सुरुवातीच्या ओपेरा-कोमिकमध्ये पुष्कळदा गाण्यांना नवी चाल बांधतच नसत, लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर नवे शब्द बसवत आणि छापताना वर लिहीत, ‘अमक्याच्या चालीवर’. आजोबांच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडलेल्या नाटकाच्या पदांच्या पुस्तिका डोळ्यांसमोर आल्या. पिवळा पातळ कागद, गंजलेली टाचणी, आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल –’.

तर मिनेत. पोर्त-ओ-प्रँसमध्ये १७८० च्या नाताळात, २५ डिसेंबरला, ती पहिल्यांदा लोकांसमोर गायली. तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची. नंतर १३ फेब्रुवारी १७८१ ला तिने पहिली भूमिका केली; ‘इझाबेल ए जेर्त्रूद’ या एकअंकी संगीतिकेतली इझाबेल. शब्द फावारचे, संगीत ब्लेजचं, पॅरिसमध्ये १७६५ ला आलेलं नाटक. त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, असल्या नाटकांचे प्रयोग तिथे नेहमी होत. नवल होतं ते मिनेतच्या रंगाचं. ती मिश्रवर्णीय होती. गुलाम नव्हती, स्वतंत्र होती. पण त्या समाजात स्वतंत्र असणं आणि बरोबरीचं असणं यांत फार अंतर होतं. स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय माणसांच्या नावाआधी गोऱ्यांसारखी आदराची उपाधी लावायची नाही. १७७३ च्या हुकुमाने गोऱ्या बापाचं आडनावही लावायचं नाही. १७७९ मध्ये आणखी एक हुकूम निघाला, की त्यांनी गोऱ्यांसारखे कपडे, केशभूषा करायची नाही. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ही मुलगी फ्रान्समधल्या सुखवस्तू घरच्या लेकीची भूमिका घेऊन गोऱ्या नटांच्या बरोबरीने उभी राहिली. रस्त्यावर जे तिला मना होतं, ते पडदा वर गेल्यावर तिला करायचंच होतं.

तिला गाणं शिकवलं मादाम आकेर नावाच्या नटीने, जी स्वतः त्याच वसाहतीत जन्मलेली गोरी बाई होती. सँ-मार्तँ हे नाट्यगृहाचे संचालक. त्यांनी हिला उभी करायला होकार दिला. हे आपल्याला कळतं ते मोरो द सँ-मेरी या वकिलाने लिहून ठेवलं म्हणून. मार्तिनिक बेटावर जन्मलेला हा माणूस मोठा चौकस, वसाहतीतली प्रत्येक गल्ली, प्रत्येक इमारत त्याने टिपली, आणि तो गुलामीचा पक्का समर्थक होता. मिनेतबद्दल मात्र तो आनंदाने लिहितो. तिचं वय आणि तिचे गुण यांनी तिचा वसाहतीतल्या पूर्वग्रहांपासून बचाव केला, आणि कुठल्याही सहृदय, न्यायी माणसाला याचं समाधानच वाटेल, अशा अर्थाचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो माणूस आवडला होता. मावशींचा प्रसंग घडल्यावर ते पान मी पुन्हा उघडलं आणि ‘बचाव’ या शब्दाशी अडखळले. चौदा वर्षांची मुलगी गायला उभी राहते, आणि तिच्या गळ्याला आधी ढालीचं काम करावं लागतं. मोरोचं समाधान खरंच असेल. माझं कौतुकही खरंच होतं.

वर्तमानपत्रात तिचा उल्लेख बरेच दिवस नावाशिवायच यायचा. ‘तरुण व्यक्ती’, एवढंच. नाव द्यायचं तर उपाधीचा प्रश्न येणार, उपाधी द्यायची तर कायदा आड येणार, त्यापेक्षा ‘तरुण व्यक्ती’ बरं.

इझाबेलच्या गोष्टीचं मूळ व्होल्टेअरच्या एका पद्यकथेत आहे. जेर्त्रूद ही देवाधर्माची बाई. तिच्या खोलीत तिचा प्रियकर आंद्रे येतो, आणि ती त्याला लाडाने नावाने हाक मारते. मुलगी दाराबाहेर उभी राहून ऐकते. आई संत आंद्रेशी बोलते, म्हणजे हे पुण्याचंच काम असणार, असं समजून तीही आपला एक संत शोधते. प्रेक्षक हसतात, शेवटी सगळं गोड होतं. फावारने नाटक करताना संतांच्या जागी सिल्फ, म्हणजे हवेत वावरणाऱ्या अदृश्य परीसारख्या शक्ती घातल्या. माझं लक्ष मात्र त्या दाराशी अडकलं. बंद दाराआड जे चाललंय ते नुसतं कानाने टिपायचं आणि आपलं करायचं, अशी ही भूमिका, आणि ती वाट्याला आली कुणाच्या, तर मिनेतच्या.

आमच्या घरी एक असं दार होतं. काकांना गाण्याची हौस होती, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गुरुजी यायचे. ओटीवर सतरंजी, पेटी, तबल्याची जोडी, आणि काका तेच ते पलटे घोटायचे. मधल्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता. त्याच्यापलीकडे आई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवून उभी. चहा झाला की ती बांगड्या वाजवायची, काका उठून ट्रे आत घ्यायचे. चार वर्षांनी काकांनी गाणं सोडलं; गळाच नव्हता त्यांना, बिचारे मनापासून मेहनत करायचे. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी माझ्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणात कुणीतरी आग्रह केला आणि आईने एक नाट्यपद म्हटलं. पूर्ण. दोन्ही अंतऱ्यांसकट. हातात ओटीचं तबक तसंच धरलेलं. खोलीतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या, आणि काकू म्हणाल्या, “अगंबाई, हिला कसं काय येतं?” आई हसली, म्हणाली, “येतं असंच.” मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझी छाती अभिमानाने भरून आली होती. आईने त्यानंतर चारचौघांत कधी पद म्हटल्याचं मला आठवत नाही. हे मी आत्ता, साठी उलटल्यावर, पहिल्यांदा जोडून बघतेय.

त्या वर्तमानपत्राचं एखादं पान जवळून बघितलं की फार त्रास होतो. ‘आफिश आमेरिकेन’ हे त्याचं नाव, १७६६ पासून या नावाने निघायचं. एका बाजूला नाटकाची जाहिरात असते. अमुक तारखेला ग्रेत्री या संगीतकाराची अमुक संगीतिका, सोबत एक नाच, अमुक नटाच्या मदतीसाठी प्रयोग. आणि तिथूनच जवळ, त्याच टायपात, पळालेल्या गुलामांच्या नोटिसा. वय, उंची, छातीवर तापलेल्या लोखंडाने डागलेली मालकाची अक्षरं, एखादं व्यंग, कसब. कुणी सुतार, कुणी स्वयंपाकी, कुणी केशभूषा करणारा. आणि बरेचदा, व्हायोलिन वाजवतो. ओळखायला सोपं जावं म्हणून ते लिहिलेलं. मालकांनीच त्यांना शिकवून घेतलेलं असायचं, मेजवान्यांत, नाचांत वाजवायला. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसते. व्हायोलिन वाजवणारा माणूस पळाला. बोटांत कुणाकुणाच्या चाली घेऊन पळाला असेल? नाट्यगृहात गुलामांना प्रेक्षक म्हणून जागा नव्हती. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आणि मिश्रवर्णीयांना सगळ्यात वरच्या, मागच्या जागा. मिनेत रंगमंचावर मधोमध, आणि तिच्या रंगाची माणसं छताला टेकून. गुलाम बाहेर, मालकाचं बोलावणं येईपर्यंत. उष्ण प्रदेशातली ती रात्र, दारं-खिडक्या उघडी ठेवल्याशिवाय आत श्वास घेणं मुश्कील. गाणं कुंपणापाशी थोडंच थांबणार.

जत्रेत आम्ही पोरं कनातीला कान लावून बसायचो, ते आठवतं. तिकिटाला पैसे नसायचे म्हणून. पण आम्हाला उद्या मोठं होऊन तिकीट काढता येणार होतं, म्हणून ही तुलना मी इथेच सोडते.

या वसाहतीत नाटकं नुसती आयात होत नव्हती. रूसोने १७५२ मध्ये ‘गावचा ज्योतिषी’ म्हणता येईल अशी एक छोटी संगीतिका लिहिली होती. शब्द त्याचे, संगीतही त्याचं, राजापुढे फोंतेनब्लोला प्रयोग झाला आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. एक मेंढपाळ मुलगी, तिचा दुरावलेला सखा, आणि दोघांना एकत्र आणणारा ज्योतिषी. सहा वर्षांत काप-फ्राँसेमधल्या क्लेमाँ नावाच्या नटाने तीच गोष्ट क्रेओल भाषेत, म्हणजे फ्रेंचमधून तिथल्या गुलामांच्या तोंडी घडलेल्या बोलीत, आणली. कोलेतची झाली तेरेझ, कोलँचा झाला जानो, आणि ज्योतिष्याचा झाला पापा सिमाँ, जादूटोणा जाणणारा काळा मांत्रिक. हा प्रयोग १७५८ चा. त्याच वर्षी जानेवारीत त्याच शहरात माकांदालला चौकात जिवंत जाळलं होतं. जडीबुटी आणि विष यांच्या जोरावर मळ्यामळ्यांत दहशत बसवणारा, गुलामांना वाचवणारा म्हणून ज्याचं नाव अजून हैतीत घेतात, तो माकांदाल. ज्या मांत्रिकाच्या भीतीने गोऱ्यांना रात्री झोप लागत नव्हती, त्याला त्याच वर्षी गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून स्टेजवर आणला, गायला लावला, आणि गोरे प्रेक्षक हसले. भीतीचं एवढं झटपट गाणं झालेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि तरीही, क्रेओल भाषेतले सगळ्यात जुने मोठे मजकूर शोधायला गेलं की त्यांत ही संहिता हातात येते. ज्यांची भाषा होती त्यांची टिंगल करणाऱ्या माणसाने ती जपून ठेवली. मला याचा राग धरायचा की ऋण मानायचं, हे अजून ठरवता येत नाही. संहिता वाचते तेव्हा तेरेझच्या तोंडची साधी वाक्यं मात्र फार गोड वाटतात, आणि गोड वाटल्याबद्दल मनाला टोचतं.

मिनेतने असल्या क्रेओल नाटकांत काम करायचं टाळलं. तिला पॅरिसचाच, मोठ्या संगीतकारांचा खेळ हवा होता. तिच्या मदतीच्या प्रयोगांच्या जाहिरातींतही या उथळ, चार दिवसांच्या नाटकांबद्दलची तिची नावड दिसते. काहीजण म्हणतात, तिने आपल्याच भाषेकडे पाठ फिरवली. मला तसं म्हणवत नाही. ज्या भूमिकेत तिच्या आजीच्या बोलीवर लोक हसणार, ती तिने का करावी? गोऱ्या नटी तोंड काळं करून तेरेझ झाल्या तर ती कला, आणि प्रयोगानंतर तोंड धुतलं की संपलं. हिला धुवून टाकण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तिने ग्रेत्रीचे, दालेराकचे बिकट सूर निवडले असतील, जिथे फक्त गळ्याकडे बघावं लागतं. माझी आई शास्त्रीय वळणाचीच पदं म्हणायची, ओव्या कधी म्हणायची नाही. ओव्या तिला शेकड्यांनी येत होत्या.

पुढचं सगळं बारा-तेरा वर्षांत झालं. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेत गुलाम उठले, मळे पेटले. नोव्हेंबरात पोर्त-ओ-प्रँस जळलं आणि त्यात नाट्यगृह गेलं. १७९३ मध्ये काप-फ्राँसे जळलं. १ जानेवारी १८०४ ला हैती हा नवा देश जाहीर झाला. आता अभ्यासकांनी त्या वर्तमानपत्रांतून नाटकाची प्रत्येक जाहिरात वेचून याद्या तयार केल्या आहेत. कुठल्या दिवशी, कुठल्या गावात, कुठलं नाटक. मी त्या याद्या रात्री वाचते तेव्हा कान आपोआप कुंपणापलीकडे जातो.

नुसतं तारखांचं बोलायचं तर मिनेत पहिल्यांदा गायली त्याला शंभर वर्षं होत आली असताना, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि तिथे तर शकुंतलाही पुरुषच होता. तरी मी डायरीत दोन्ही तारखा शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

परवा त्याच नाट्यगृहात दुसऱ्या संगीत नाटकाला गेले. नाटकाइतकीच मावशींसाठीही गेले, हे मान्य करायला हवं. मध्यंतरात वडा खाल्ला नाही. दाराशी आले तर आतून गुणगुणणं ऐकू येत होतं, तेच भीमपलासीतलं, त्या दिवशीच्या नाटकातलं नव्हे. मी आत गेले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. बादलीची कडी वाजली की आवाज थांबायचा, पुन्हा तिथूनच सुरू व्हायचा. अंतरा झाला, मग ती जागा आली, मध्यमावर थोडं जास्तच रेंगाळल्या या वेळी, आणि आल्या समेवर. तिसरी घंटा झाली. लॉबी रिकामी झाली. आतून ऑर्गनचा सूर लागला.

मावशी बादली घेऊन बाहेर आल्या. “अजून इथंच? चालू झालं की आत.”

“त्या दिवशी त्यांनी ही जागा सोडली होती,” मी म्हटलं. “मध्यमावरची.”

त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. “घाई करतात हल्ली,” म्हणाल्या. “तबलेवाला पुढं पळतो, मग गाणारा धावतो त्याच्यामागं. दोन वर्षांमागं नागपूरकडचे आलेले, त्यातला म्हातारा होता एक. त्यानं बरोबर घेतलेली. मी दार जरा उघडं ठेवलेलं.”

मग बादली उचलून त्या पुरुषांच्या बाजूला गेल्या.